कुंकवासकट किंमत

आश्विन वद्य तृतीया, गुरुवार. मुठेच्या काठी हजर असलेले: शिलेखान्याचे दारोगासाहेब, पायी आलेले, बरोबर दोन हुजरे. पागेकडचे चाबूकस्वार. कसब्यातले तांबट, शिकलगार आणि झाडून सगळे जिनगर. दोन सरदारांचे कारभारी. एक म्हातारा पठाण, त्याचं नाव कोणालाच सांगता आलं नाही. अग्नी देणारा तुझा पुतण्या. माझे थोरले बंधू अण्णा. मी.

घरी येऊन साठ नावं आठवून लिहिली आणि बोरू खाली ठेवला. यादी संपेचना. माझे वडील गेले तेव्हा काठावर चौदा माणसं होती. तीस वर्षं त्यांनी शिलेखान्यात चाकरी केली, पण तेव्हाचे दारोगा आले नव्हते. तुझ्यासाठी आले, हरबा. उभे राहिले, उपरण्यानं डोळे पुसले आणि गेले. ते पाहून मला दुःखाच्या आधी हेवा वाटला. दुःख घरी परतताना, कसब्याच्या वळणावर आलं. तुझं दुकान बंद होतं आणि पायरीवर कोणी बसलेलं नव्हतं.

तुझा हेवा मला पहिल्या दिवसापासून होता. पागेत घोड्याचा चेहरा लिहून घेतात, रंग, भोवरे, डाग, उंची, तसा मी शिलेखान्यात हत्याराचा चेहरा लिहितो. नळी किती बोटं, लाकूड कुठलं, खुणा कोणत्या, मोडकं की साबूत. फिरंगी पिस्तूल आलं की मी अर्धा दिवस घालवून नऊ ओळी लिहायचो. मग दारोगासाहेब म्हणायचे, "जिनगराला बोलवा." तू जीन शिवायचं सोडून यायचास. हाताला मेण आणि चामड्याचा वास. माझ्या नऊ ओळींकडे बघायचाससुद्धा नाही. पिस्तूल उचलायचास, डोळे मिटायचास, अंगठा फिरवायचास आणि म्हणायचास, "हे डाव्या बाजूला टांगलेलं होतं. धरणाऱ्याचा हात लहान. पडलेलं आहे एकदा, दगडावर." आणि दारोगासाहेब माझ्या यादीवर तुझं बोलणं लिहायला सांगायचे. माझ्या अक्षरात तुझं बोलणं. अशी माझी किती पानं आहेत ते मी मोजलेलं नाही, आणि मी सगळं मोजतो.

मी एकदा विचारलं होतं, "हे तुला कळतं कसं?"

"चामडं लोखंडाला चाटतं, तात्या. जीन मी शिवतो, मग त्याला लटकवलेलं हत्यार कुठं घासणार ते मला नको कळायला?"

"मलाही शिकव."

"शिकवतो. आधी दहा वर्षं जीन शिवा."

पायरीवर बसलेली माणसं हसली. मीही हसलो. पण तुझ्या लक्षात आलं असणार, कारण तू लगेच गूळ-शेंगदाणे पुढे केलेस आणि म्हणालास, "तुमची यादी नसती तर मी ओळखलेलं हत्यार उद्या कुठं सापडलं असतं?" असं बोलून तू माणसाला गप्प करायचास. त्याचाही मला राग यायचा. तू चांगला होतास आणि चांगलं असायला तुला कष्ट पडत नव्हते.

उपकारही लिहितो, नाहीतर यादी खोटी होईल. एका वर्षी तपासणीच्या आदल्या दिवशी तू मला बाजूला घेऊन सांगितलंस की मी विलायती म्हणून लिहिलेल्या तीन नळ्या इथल्याच आहेत, वर छाप तेवढा नकली आहे. दारोगासाहेबांना सांगून तुला शाबासकी मिळाली असती. तू मला सांगितलंस. मी रात्रीतून तीन ओळी बदलल्या. दुसऱ्या दिवशी शाबासकी मला मिळाली आणि तू माझ्यामागे उभा राहून कानामागे खडू खोचत होतास, जणू तुझा या गोष्टीशी संबंधच नाही.

म्हणूनच आमच्या घरचं पिस्तूल तुझ्याकडे आणायचं मी सुचवलं. अण्णांनी नाही, मी.

तुला आमच्या घरची कथा तोंडपाठ होती. प्रत्येक खंडेनवमीला अण्णा ती सांगायचे. आमचे आजोबा वसईच्या मोहिमेत स्वार होते. फिरंगी स्वारानं पिस्तूल रोखलं, आजोबांनी धावत्या घोड्यावरून वाकून ते त्याच्या हातातून हिसकावलं. तेच हे पिस्तूल, देवघरात टांगलेलं. अण्णा घोड्यावर उत्तम बसतात, आवाज मोठा, मिशी आजोबांसारखी. घरात आलेली प्रत्येक आत्या म्हणायची, "थोरला आजोबांवर गेलाय हो." मग माझ्याकडे बघून, "धाकटा कोणावर गेलाय कोण जाणे." मी तेव्हा भांड्यांची यादी करत बसलेला असायचो.

वडील गेल्यावर वाटणी झाली. भांडी, जमीन, गाई, सगळं दोन दिवसांत मिटलं, कारण यादी मी केली होती. अडलं ते पिस्तुलापाशी. दोघांनाही हवं होतं. ठरलं असं की हरबाकडून मोल करून घ्यायचं, आणि जो पिस्तूल घेईल त्यानं तेवढ्या मोलाचं काहीतरी आपल्या वाट्यातून दुसऱ्याला द्यायचं.

त्या सकाळचं सगळं मला आठवतं. तू पायरीवर बसला होतास, मांडीवर खोगिराचा नमदा. अण्णांनी पिस्तूल फडक्यातून काढलं. दस्त्यावर आणि बाजूच्या पाटीवर हळद-कुंकवाचा जाड थर, तेलात बसलेला, विटेच्या रंगाचा.

"अण्णा, कुंकू जरा पुसू का? खाली काय आहे ते बघतो."

"छे! पन्नास खंडेनवम्यांचं कुंकू आहे ते. आमच्या आजीनं लावलेलं आहे त्यात. पुसायचं नाही."

"मग वरवर सांगावं लागेल."

"आहे तसं सांग."

"आहे तसं?"

"आहे तसं, हरबा. देवघरातली वस्तू आहे."

तू नमदा बाजूला ठेवलास. मग उपरणं पसरलंस, अण्णांचा हात त्याखाली घेतलास आणि बोटं दाबून मोल सांगितलंस. घोड्यांच्या बाजारात दलाल करतात तसं. रस्त्यावरच्या लोकांना कळू नये म्हणून ही रीत, आणि रीतीचा दुसरा अर्धा भाग असा की उपरण्याखाली कळलेलं तोंडानं कधी बोलायचं नाही, भावालासुद्धा नाही. अण्णांचा चेहरा फुलला. ते म्हणाले, "मी गणपतीला जाऊन येतो, तोवर तू घे सांगून." आणि गेले.

मग तू माझा हात घ्यायला गेलास आणि मी तो मागे घेतला. मी म्हणालो, "पूस."

"अण्णा नको म्हणाले."

"अर्धं माझं आहे. पूस."

तू गोड्या तेलाचं बोट फिरवलंस, हळू, जखम धुवावी तसं. कुंकवाखाली डाव्या बाजूला दोन भोकं निघाली, लाख आणि लोखंडाच्या किसानं बुजवलेली. तू म्हणालास की इथं एक लांब लोखंडी जीभ होती, कमरेच्या पट्ट्यात अडकवायची. घोडेस्वार पिस्तूल जिनाला लटकवतो, त्याला जीभ लागत नाही. जीभ लागते गलबतावरच्या माणसाला, कारण त्याला दोन्ही हातांनी दोर धरायचे असतात. सगळं बाकीचं पितळी, खाऱ्या वाऱ्याला गंजू नये म्हणून. दस्त्याच्या बुडाला जाड टोपी, बार उडवून झाला की डोक्यात हाणायला. आणि जिनाला दोरीनं बांधायची ही कडी नंतर बसवलेली आहे, इथंच, पुण्यात. तू कडी माझ्या अंगठ्याखाली धरलीस.

"काय लागतं?"

"काही नाही. गुळगुळीत आहे."

"सगळीकडे सारखी गुळगुळीत. दोरी एकदा जरी झुलली असती तरी एका बाजूला खोबण पडली असती. हे पिस्तूल घोड्यावर कधी बसलेलंच नाही, तात्या."

त्या सकाळी तू मला खरोखर काहीतरी शिकवलंस. दहा वर्षं जीन न शिवता मला अंगठ्यानं वाचता आलं. नेमकं हेच वाचायचं होतं.

मग तू चापाची पाटी सोडवलीस. आतल्या लाकडाच्या पोकळीत काळ्या शाईनं मोडीत एक अंक होता. खाली रेघ, शेवटाला वर उचललेली. तू ते माझ्याकडे वळवलंस, कारण हे वाचायचं काम माझं होतं. लुटीचा माल उतरतो तेव्हा यादी करणारा कारकून हत्यार खोलून आत अंक घालतो, म्हणजे वरची खूण खरवडून कोणी अदलाबदल करू नये. मी आजही करतो. आणि ती वर उचललेली रेघ मी ओळखत होतो. आजोबांची पत्रं घरात आहेत. आमच्या दप्तरातल्या सर्वांत जुन्या रुमालात बांधलेल्या यादीतही ती रेघ आहे. ते अक्षर मला फार आवडायचं. कोणाचं ते माहीत नव्हतं; घरच्या पत्रांशी मी ते त्या सकाळपर्यंत कधी ताडलंच नव्हतं.

आजोबा स्वार नव्हते. काठावर बसून पकडलेल्या गलबतांवरचा माल लिहून घेत होते. घोडेस्वारांना नको असलेलं एक पिस्तूल त्यांना बक्षीस मिळालं. त्यांनी जीभ काढून, भोकं बुजवून, कडी बसवून ते स्वाराचं करून घेतलं, आणि मग घरी येऊन कथा सांगितली.

तू म्हणालास, "म्हणजे तुमचे आजोबा तुमच्यासारखे होते, तात्या."

जन्मभर मला हे कोणीतरी म्हणावं असं वाटत होतं. तू ते सहज म्हणालास, आणि अशा वेळी म्हणालास की मला ते कोणाला सांगता येणार नव्हतं. मग तू माझा हात उपरण्याखाली घेऊन मोल सांगितलंस. अण्णांना किती सांगितलंस ते तू तेव्हा बोलला नाहीस, नंतरही कधी नाही. मला सांगितलंस ते एका बऱ्या खोगिराइतकं होतं.

मी म्हणालो, "कुंकू परत लाव." तू माझ्याकडे बघितलंस. "अण्णांना मी सावकाश सांगेन," मी म्हणालो. तुझा विश्वास बसला. तू तेलात हळद-कुंकू कालवून थरावर थर दिलास, आणि अण्णा परत आले तेव्हा पिस्तूल पूर्वीसारखं होतं.

संध्याकाळी अण्णा म्हणाले, "उपरण्याखालचं उपरण्याखाली. बोलायचं नाही. पण तुला हवं असेल तर तू घे, मी धाकट्याच्या आड येणार नाही."

मी म्हणालो, "नको. तुम्हीच घ्या."

"मग हिंगण्याच्या बागेतली विहिरीकडची डाळिंबांची ओळ तुझी. चालेल?"

त्या ओळीची बारा झाडं म्हणजे एक चांगली घोडी. तू त्यांना काय सांगितलंस ते मला तेव्हा कळलं. ते रीत पाळत होते आणि मीही रीत पाळली. रीत माझ्या फार उपयोगी पडली. "चालेल," मी म्हणालो. अण्णांनी मला पोटाशी धरलं. "तात्या, तू मोठ्या मनाचा आहेस. हे मी लक्षात ठेवीन."

हे मी लोभानं केलं नाही, हरबा. डाळिंबं मला आवडत नाहीत. मला एकदाच, एकदाच अण्णांपेक्षा जास्त माहीत असायला हवं होतं. ते देवघरासमोर उभे राहून कथा सांगतात आणि मी मागे उभा राहून ती खोटी आहे हे जाणतो. इतकंच सुख. ते फार दिवस टिकलं नाही, कारण तू होतास.

तू दर भेटीला विचारायचास. ओरडून नाही. पिस्तूल तपासता तपासता, वर न बघता: "अण्णांना सांगितलंत?" फाल्गुनात मी म्हणालो, पाडवा होऊ दे. आषाढात म्हणालो, त्यांची तब्येत बरी नाही. भाद्रपदात मी तुझ्यावरच उलटलो.

"दोन माणसांना दोन किमती सांगितल्यास तू. चूक तुझी आहे."

"अण्णांनी पुसू दिलं नाही, मी कुंकवासकट किंमत सांगितली. देवघरातल्या वस्तूची तीच खरी. तुम्ही पुसायला लावलंत, मी लोखंडाची सांगितली. तीही खरी. खोटं मी कोणालाच सांगितलेलं नाही."

"मग तूच सांग अण्णांना."

"मी परका. घरातली गोष्ट घरातल्यानं सांगावी. आणि तुम्ही सांगितलीत तर ते रडतील, मी सांगितली तर मारतील."

या खंडेनवमीला दारोगासाहेबांनी अण्णांना पिस्तूल घेऊन शिलेखान्यात बोलावलं. सगळी हत्यारं मांडलेली, झेंडूच्या माळा, मध्ये अण्णा. कथा सांगितली. धावता घोडा, वाकणं, हिसकावणं. यंदा त्यांनी आजोबांच्या घोड्याला नावही दिलं. दारोगासाहेब म्हणाले, "अशा घराण्यातला कारकून आमच्याकडे आहे, हे भाग्य," आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. फक्त तू पाहिलं नाहीस. तू जमिनीकडे बघत होतास. ते मला सहन झालं नाही.

बाहेर आल्यावर तू काही बोलायच्या आधीच मी म्हणालो, "जिनगरानं जिनगरासारखं राहावं."

तू म्हणालास, "राहतो. म्हणून तर गप्प आहे."

आणि कसब्याकडे निघून गेलास. वळला नाहीस. हे आपलं शेवटचं बोलणं. दहाव्या दिवशी, तू गेलास हे सांगायला, तुझा पुतण्या दारात उभा.

काल तुझ्या बायकोला भेटलो. शिलेखान्याची तीन हत्यारं तुझ्याकडे दुरुस्तीला होती, ती ताब्यात घ्यायला गेलो होतो. तिन्ही सापडली, वेगवेगळ्या फडक्यांत. मी उंबऱ्याबाहेरूनच विचारलं, "वहिनी, शेवटी माझ्याबद्दल काही म्हणाला का?" ती आठवत राहिली. तू सांगून गेला असशील अशी भीती वाटली, आणि सांगून गेला असशील अशी आशाही होती.

"नाही तात्या. दोन दिवस तापात एका घोड्याचंच बोलत होते. त्याच्या पाठीला जखम झालीय, जीन सैल करा, जीन सैल करा, असं."

म्हणजे शेवटचे दोन दिवस तू एका अनोळखी घोड्याची काळजी केलीस. मला त्या घोड्याचाही हेवा वाटला, हरबा. आणि तू काहीच न सांगता गेलास याचा अर्थ मला घरी पोचेपर्यंत कळला नाही. आता हे जगात फक्त मला माहीत आहे. विचारणारं कोणी उरलेलं नाही. मी गप्प बसलो तर मी सुटलो.

मी सुटलो, आणि त्याचबरोबर आजोबाही गेले. ते माझ्यासारखे होते, हे जाणणारी दोन माणसं होती. एक गेलं. अण्णांना सांगितलं तरच ते पुन्हा कोणाचे तरी होतील, नाहीतर धावत्या घोड्यावरचा तो माणूस अण्णांचा, आणि शाईचा अंक घालणारा माणूस कोणाचाच नाही. माझे आजोबा मला हवे असतील तर बारा झाडं परत करावी लागतील, आणि मोठ्या मनाचा तात्याही. तू हे सगळं आधीच तोलून ठेवलं होतंस. म्हणून तर दर वेळी तोच एक प्रश्न विचारायचास.

आज तिसरा दिवस; तुझ्या अस्थी वेचून घाटावरून परतताना अण्णा माझ्याबरोबर चालत होते. वाळू तापली होती, त्यांनी माझ्या खांद्यावर हात टेकला होता. म्हणाले, "भला माणूस. आपल्या आजोबांचं मोल त्यालाच कळलं." मी "अण्णा" म्हणालो. ते थांबले, "काय रे?" मी म्हणालो, "पाय भाजतायत." त्यांनी आपला जोडा काढून माझ्यापुढे ठेवला.

आजची कामं: हत्यारं शिलेखान्यात पोचवली, पावती घेतली. तुझ्या घरी तांदूळ-डाळ पाठवली. तुझ्या पुतण्याला पागेत काम मिळावं म्हणून दारोगासाहेबांना अर्ज लिहिला, त्यांनी होकार दिला. हजर असलेल्यांची यादी झाली तेवढी झाली.

अण्णांचं दार माझ्या दारापासून चाळीस पावलांवर आहे. ते घरी आहेत, त्यांचा आवाज इथवर येतो आहे. दिवस अजून बराच वर आहे. अण्णांना सांगायचं राहिलं आहे.